आप्पांची पणतीची जाहिरात

आप्पा जाहिरातीत हसरा चेहरा टाकत नसत. ट्रॅक्टर टाकतील, ऊस टाकतील, अगदी म्हैससुद्धा टाकतील, चेहरा नाही. विश्रामबागेतल्या छोट्याशा ऑफिसात आम्ही दुकानदारांच्या ऑनलाइन जाहिराती करायचो. मोबाईलवर काही शोधलं की सगळ्यांत वर झळकतात ना, त्या. पाटणचे आप्पा फौजेतून निवृत्त होऊन आमच्यात आले आणि जाहिरातींच्या ओळींत इमोजी, म्हणजे ती इवलीशी चित्रं, पेरू लागले. "चेहऱ्याचं काय वावडं हो?" मी विचारलं, तर खुर्चीमागं येऊन कानाशी पुटपुटले, "रिकामा चेहरा ठिवू नये गड्या. कुणीतरी राहायला येतंय त्यात."

मंडळी, मी पोट धरून हसलो! मग हळदीच्या एका शेठनी हट्टानं हसरा चेहरा लावून घेतला. थोड्याच दिवसांत स्वारी घामाघूम होऊन हजर. "आवं आप्पा, फोन येत्यात आन् पलीकडचं माणूस नुसतं हसतंय! भाव इचारत न्हाई, काय न्हाई!"

"तुमी काय केलं?"

"मीबी हसलो. एकदाच!"

"तितंच चुकला बगा."

चेहरा काढला, फोन थांबले. शेठ मात्र त्यानंतर कधी मोठ्यानं हसले नाहीत.

आप्पांची स्वतःचीही एक जाहिरात होती. भांडणात त्यांनी मुलाला, महेशला, घराबाहेर काढलं होतं. तेव्हापासून त्याचा पत्ता नव्हता. "माणूस कुठंबी असू दे, कवातरी सोताचं नाव शोधतंयच," आप्पा म्हणायचे. म्हणून महेशचं नाव शोधणाऱ्याला दिसेल अशी ओळ त्यांनी लिहिली. आधी पणतीचा इमोजी, पुढं 'महेश, दार उघडं हाय'. बाकी इमोजी चालायचे, पण पणती धार्मिक चिन्ह धरून जाहिराती दाखवणारी कंपनी ती ओळ दरवेळी नाकारायची. आप्पा पुन्हा पाठवायचे.

"पणती काढा की आप्पा, लगेच मंजूर होईल."

"त्याला उशीर झाला की त्याची आई खिडकीत पणती ठिवायची. ती गेली आता. नुसत्या माज्या शब्दावर त्यो यायचा न्हाई रं."

एका भर दुपारी त्यांचा फोन वाजला. स्पीकरवर लांबून, वाऱ्यातून यावा तसा आवाज आला, "आप्पा, पणती दिसली. निघालोय." मी धावत स्क्रीन पाहिली. जाहिरात लाल अक्षरांत 'नामंजूर'. ती जगात कुणालाच दाखवली गेली नव्हती.

"आप्पा, जाहिरात लागलीच नाही हो!"

आप्पा पिशवी भरत होते. "त्याला दिसली न्हवं?" म्हणाले आणि पाटणची गाडी पकडायला निघून गेले. परत आलेच नाहीत.

मग मीच गेलो पाटणला. आप्पा ओसरीवर बसले होते. इतकं ताजंतवानं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मी तोंड उघडताच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "हळू. झोपलाय. लय लांबनं आलाय."

दार उघडं, आत अंधार. अंधारात एक खाट करकरली, कुणीतरी कूस बदलली. मी एरवी लोकांच्या पातेल्यांतही डोकावणारा माणूस. पण त्या दिवशी चपला हातात घेतल्या आणि तापल्या अंगणातून अनवाणी बाहेर पडलो. त्याची झोप मोडू नये म्हणून.