अर्ध्या वाटेवरचं माहेर

साडू काय चीज असते हे ज्याला बघायचं असेल त्यानं आमच्या घरी यायला पाहिजे होतं. माझे आप्पा नांदेडचे, पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले. मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, लातूरचे, डाळीच्या व्यापारातले. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी, जळकोटच्या. लेकी दिल्या तेव्हा दोन्ही गावं सारखीच होती, इकडंही धूळ आणि तिकडंही धूळ. मग दोन्ही गावं वाढायला लागली आणि या दोघांना वाटायला लागलं की ती आपणच वाढवली.

जळकोटला मामाकडं सगळे जमलो की दोघं वाकून एकमेकांना शरणार्थ करायचे आणि पाठ सरळ व्हायच्या आत भांडायला लागायचे. आप्पा विमानतळ काढायचे. काका विचारायचे, तुमच्या घरातलं कोण बसलं हो त्या विमानात? काका लातूर पॅटर्न काढायचे, अख्ख्या महाराष्ट्राची पोरं आमच्याकडं शिकायला येऊन राहिली म्हणायचे. आप्पा म्हणायचे, नदी दाखवा आधी. आयुक्तालय नांदेडला व्हावं की लातूरला, यावर तर दोघांनी अशा दुपारच्या दुपारी घालवल्या की वाटावं, सरकार यांच्याच निकालासाठी थांबलंय. बाज मात्र एकच, तंबाखूची डबीही एकच. एकानं मळायची आणि दुसऱ्यानं तोंडात टाकून पुन्हा सुरू व्हायचं.

आई आणि मावशी आत बसून हसायच्या. त्यांना या गावांचं काही देणंघेणं नव्हतं. आईच्या तोंडी लातूर हे नावच नव्हतं, ती "अक्काकडं" म्हणायची. मावशी नांदेडला "बारकीकडं" म्हणायची. दोघींचा नकाशा तेवढाच होता.

मग लातूरला रेल्वेनं पाणी आलं तो उन्हाळा. मामानं जळकोटात नवं घर बांधलं होतं, त्याची वास्तुशांत होती. पंगत बसली होती. काका शेजारच्याला सांगत होते की टँकरच्या रांगेत बसून बसून मावशीची काय गत झाली, घागरी उचलून तिचा खांदा कसा धरलाय. साधं घरचं दुखणं सांगत होते, त्यात गावाची बढाईही नव्हती आणि रडगाणंही नव्हतं. आणि आमच्या आप्पांना नेमकी तेव्हाच मस्करी सुचली. भरल्या पंगतीत मोठ्यानं म्हणाले,

"काही फिकीर करू नका साडूभाऊ. यंदा दिवाळीला फराळाच्या ऐवजी गोदावरीचं पाणीच पाठवतो डबे भरून."

पंगत हसली. दुसऱ्या कुठल्याही वर्षी काका सगळ्यांच्या आधी हसले असते. पण त्यांनी हातातला घास ताटात ठेवला.

"तुमच्या गावचं पाणी आता आम्हाला चालायचं न्हाई," एवढंच बोलले आणि भरल्या ताटावरून उठले.

मामा मागं धावला. मामीनं डोळ्याला पदर लावला. आप्पा मात्र बसून राहिले, चेष्टा केली तर त्यात एवढं काय, असं म्हणत. तशी ती चेष्टाच होती म्हणा. पण समोरच्याच्या घरात काय चाललंय हे बघून चेष्टा करावी, एवढी अक्कल त्या वयात माणसाला पाहिजे की नको? काका त्याच दुपारी मावशीला घेऊन लातूरला निघून गेले.

पुढचं सगळं एका वाक्यावर अडलं. आप्पांचं म्हणणं, उठून गेले ते, त्यांनी आधी यावं. काकांचं म्हणणं, बोलले ते, त्यांनी आधी यावं. पहिली गंमत गेली. पेपरात लातूरचं काही चांगलं छापून आलं की आप्पा पेपराची घडी करून बाजूला टाकायचे. मावशी सांगायची, नांदेडचं नाव निघालं की काका टीव्ही बंद करतात. एकमेकांवर रुसायचं सोडून दोघं बिचाऱ्या शहरांवर रुसले.

मला जास्त राग यायचा तो आईचा. मी म्हणायचे, तू जा की, तुला कुणी बांधून ठेवलंय का? तर म्हणायची, ज्या घरच्या माणसानं आपलं पाणी नाकारलं तिथं मी जाऊन जेवायला बसू? ह्यांना कमीपणा येईल. तिकडं मावशीचंही तेच, आमच्या माणसाची चारचौघांत थट्टा झाली, त्या दारात मी कशी जाऊ. दोघी बहिणी जीव टाकायच्या एकमेकींवर आणि इज्जत सांभाळत बसायच्या नवऱ्यांची. फोन होता म्हणा. व्हिडिओ कॉलही करायच्या, पण त्यात एकीचं नुसतं कपाळ दिसायचं आणि दुसरीच्या घरचा पंखा.

मामा पुण्याला लेकाकडं राहायला गेला आणि जळकोटचं घरही बंद झालं. तेव्हा मावशीनं तोड काढली. नांदेड-लातूर रस्त्यावर मधोमध अहमदपूर लागतं. आईनं इकडून यायचं, मावशीनं तिकडून यायचं, स्टँडवर बसायचं, दिवसभर बोलायचं आणि आपापल्या गाडीनं परत जायचं. एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालेलं, त्यामुळं कुणाच्या कपाळाला आठीही पडायची नाही.

मी एकदा आईसोबत गेले होते. मावशी आधीच येऊन कडेचं बाकडं धरून बसलेली. धपाटे, शेंगाची चटणी, दही, सगळं पिशवीतून निघालं. जेवण झाल्यावर मावशीनं तेलाची बाटली काढली आणि आईला पुढ्यात ओढून तिचा अंबाडा सोडला. भर स्टँडात! गाड्या लागून राहिल्यात, कंडक्टर ओरडून राहिलेत, आणि ही माझ्या आईच्या पांढऱ्या केसांत तेल जिरवतेय. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हणाले, मावशी, लोक बघून राहिलेत.

"बघू दे की. माहेराला आलीय ती."

आई डोळे मिटून बसली होती. संध्याकाळी निघताना दोघींचं "आधी तू बस, आधी तू बस" असं चाललं आणि त्यात दोन्हीकडच्या गाड्या निघून गेल्या. त्या दिवशी मला हसू आलं होतं.

गंमत म्हणजे हे दोन्ही नवऱ्यांना माहीत होतं. आप्पा स्वतः स्कूटरवरून आईला स्टँडवर सोडायचे. ती परत आली की चहा पिता पिता भिंतीकडं बघून विचारायचे, तब्येती काय म्हणतात तिकडच्यांच्या? काका मावशीजवळ तूरडाळ बांधून द्यायचे आणि वर सांगायचे, दुकानात उरली होती म्हण. त्या डाळीचं वरण झालं की आप्पा भुरके मारून दोनदा मागून घ्यायचे. डाळ कुठली हे विचारायचे नाहीत. आता अशा माणसांना काय म्हणावं? जीव तुटायचा दोघांचाही, पण मान वाकायची नाही.

मग मावशीच्या किडन्या गेल्या. प्रवास बंद झाला, म्हणजे अहमदपूरही बंद झालं. आईनं आयुष्यात पहिल्यांदा आप्पांपुढं हात जोडले. एक फोन करा, म्हणाली, तुम्ही केला की मी उजळ माथ्यानं जाऊन अक्काजवळ राहीन. आप्पांनी फोन हातात घेतला, नंबरही काढला आणि मग ठेवून दिला. म्हणाले, त्यांनी बोलावू दे, बोलावल्याशिवाय जाऊन दारात उभं राहू का? तिकडं मावशी काकांना तेच सांगत होती, बारकीला बोलवा. काका म्हणत होते, यायचं त्यानं यावं, दार काय बंद केलंय आपण? मी आप्पांशी कडाकडा भांडले. शेवटी ते नरमले आणि रविवारी आपण सगळेच जाऊ म्हणाले. आईनं त्याच दिवशी पिशवी भरली.

रविवारच्या आधीच फोन आला. आप्पांच्या फोनवर इतक्या वर्षांनी काकांचं नाव उमटलं. आप्पा उभे राहिले.

"साडूभाऊ, या आता," काका म्हणाले.

कशासाठी, हे आप्पांनी विचारलं नाही.

मावशीला माती दिली. माणसं परतली. अंगणातल्या मांडवात काका बसले होते, आप्पा त्यांचा हात हातात घेऊन शेजारी. आप्पा म्हणाले, लातूर लई सुधारलं हो, रस्तेसुद्धा ओळखू येईनात. काका म्हणाले, कशाचं सुधारलं, खरी सोय तुमच्याकडंच, तिला नांदेडलाच आणायला पाहिजे होतं. आप्पा म्हणाले, न्हाई न्हाई, डॉक्टर इथलेच चांगले. आयुष्यभर ज्या गावांसाठी भांडले, ती गावं दोघं आता एकमेकांना देऊन टाकत होते, तुम्ही घ्या, नाही तुम्ही घ्या. बसलेली मंडळी माना डोलवत होती.

आई दारात येऊन उभी राहिलेली कुणाला दिसली नव्हती.

"एवढंच म्हणायचं होतं का हो तुम्हाला?" ती म्हणाली. "मग अक्का होती तेव्हा कुणी तोंड धरलं होतं?"

आवाज चढवला नव्हता तिनं. कुणीतरी चहा घेऊन आलं, तो तसाच थंड झाला.

आता आप्पांचा आणि काकांचा रोज फोन असतो. महिना सरला की आप्पा लातूरला जातात, दोन दिवस राहतात, आयुक्तालयावर पोटभर भांडतात आणि खुश होऊन परत येतात. मला त्यांचा राग येतो आणि कीवही येते. निघताना दर वेळी आईला म्हणतात, चल की, रस्ता काय झकास झालाय. आई त्यांचा डबा भरून हातात देते.

"तुम्ही जाऊन या," म्हणते. "तुमचं माणूस हाय तिथं."