अपेक्षा : डबा गरम करायला मिळावा

आमच्या खालच्या काकांइतका खरं बोलणारा माणूस अख्ख्या घणसोली गावात नव्हता, आणि खरं बोलण्याचा एवढा त्रासही दुसऱ्या कुणाला झाला नसेल. हे मी जरा जपूनच लिहिते आहे, कारण त्या त्रासात थोडा वाटा माझाही आहे. आम्ही सांगलीकडचे. वडील टेम्पो चालवतात आणि गावठाणातल्या एका अरुंद घराच्या वरच्या खोलीत आम्ही भाड्याने राहतो. खाली काका-काकी राहायचे, ते मूळ इथलेच. काकी बाजारात मासळी विकायच्या आणि काका महापेच्या एका आयटी कंपनीत पॅन्ट्री सांभाळायचे, म्हणजे साहेबलोकांना चहा-कॉफी द्यायचे. अकरा वर्षं हे केल्यावर त्यांना माणसांची नावं लक्षात राहीनाशी झाली, चहा तेवढा राहायचा. माझे वडील म्हणजे 'डबल साखर', आई 'आलं जास्त', आणि मी चहा पीत नाही म्हणून 'पानीवाली बाय'. घरी ते काकींनासुद्धा ट्रेमधून चहा द्यायचे, उजव्या बाजूने वाकून. आमचं दार दिवसभर उघडंच असतं, तरी दोन बोटांनी टकटक करून "मे आय कमिन?" म्हणायचे आणि उत्तर मिळायच्या आत आत आलेले असायचे. कुणाच्या घरी लग्नाची बोलणी चालू असली की गल्लीतल्या पोरांना दटावायचे, "हलू बोला रं, मीटिंग चालू हाय."

अशा माणसाची नोकरी जावी ती कशामुळे, तर सुकटीमुळे. काकांच्या डब्यात रोज सुकट असायची, आणि पॅन्ट्रीत तर पाटीच होती की मासळी गरम करू नये. काकांनी अकरा वर्षं ती पाटी पाळली. गच्चीवर जाऊन, पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसून गार डबा खाल्ला. एके दिवशी मात्र त्यांनी डबा मायक्रोवेव्हमध्ये ठेवला. मी एकदा भीत भीत कारण विचारलं, तर म्हणाले, "काय नाय गं. त्या दिवशी वाटला, एकदा गरम खाऊन बघू." दोन मिनिटं पुरली. वास एसीच्या वाटेने तीन मजल्यांवर पोचला. महापेला आजूबाजूला केमिकलच्या कंपन्या, त्यामुळे कुणीतरी ओरडलं, "गॅस लीक!" भोंगा वाजला, लिफ्ट बंद झाल्या आणि नाकाला रुमाल लावून सगळं ऑफिस जिन्याने पार्किंगमध्ये उतरलं. काकाही उतरले, हातात डबा घेऊन. गरम केला होता तो परत गार होऊ नये म्हणून ते तिथेच उभ्याने जेवायला लागले. एवढ्यात सुरक्षावाल्या साहेबांनी कर्ण्यावरून विचारलं, "वास नेमका कुठून येतोय, कुणाला माहीत आहे का?" शेकडो माणसांत एकच हात वर गेला, चमच्यासकट. "साहेब, माझ्या डब्यातून."

दुसऱ्या दिवशी ठेकेदाराने उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. काका त्यावर रागावल्याचं मी पाहिलं नाही. "अकरा वर्सं मी सगल्यांच्या टेबलाशी गेलो," ते म्हणायचे, "एक दिवस सगले माझ्यासाठी खाली आले." काकी टोपलीवर पाणी मारता मारता म्हणायच्या, "आले ना? मग आता बसा त्यांची वाट बघत." पण काकांना बसता येत नव्हतं, हीच अडचण होती. सकाळी इस्त्रीचा गणवेश घालून ते पायरीवर यायचे आणि अकराच्या ठोक्याला त्यांचे हात आपोआप ट्रे धरल्यासारखे व्हायचे. काकी म्हणाल्या, माझ्याबरोबर बाजारात चला. एक दिवस गेलेही, पण प्रत्येक गिऱ्हाइकाला "सर, अजून काही?" असं इतक्या अदबीने विचारलं, की बायकांना वाटलं हा माणूस आपली थट्टा करतो. वय बावन्न, जागा सगळ्या तरुणांना. काका दिवसेंदिवस गप्प व्हायला लागले. आमच्या दारावरची टकटकही थांबली, तेव्हा मात्र आईने मला सांगितलं, "तू कॉलेजला जातेस ना? काहीतरी कर त्यांचं."

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. त्यामुळे कुणाचंही काहीही लिहायचं असलं की माझ्याकडे येतं, आणि मलाही त्यातलं निम्मं कळत नाही हे मी कुणाला सांगत नाही. काकांना म्हटलं, "आपण तुमचा बायोडेटा करू." ते ऐकून त्यांचा चेहरा उजळला. खाली गेले आणि पुतणीच्या लग्नासाठी छापलेला बायोडेटा घेऊन आले. "असाच कर." मी समजावून सांगायचा प्रयत्न केला की नोकरीचा वेगळा असतो. "बायोडेटा तो बायोडेटा," काका म्हणाले. "पोरगी देताना लोकं एवढा विचारतात, नि नोकरी देताना नको?" मग ते सांगत गेले आणि मी लिहीत गेले. वर गणपती. खाली कुलदैवत एकवीरा. जन्मवेळ, ओहोटीची. रंगापुढे मी गव्हाळ लिहिलं तर त्यांनी थांबवलं, "काला लिव. तिथं गेल्यावर दिसनारच हाय." मामाचं गाव, दोन बहिणी कुठे दिल्या ते, सगळं आलं. आधीची नोकरी सोडण्याचं कारण : सुकट. शेवटी पुतणीच्या कागदावर होतं तसं 'अपेक्षा'. तिथे काकांनी पुतणीच्या अपेक्षा वाचून काढल्या. मग म्हणाले, "डबा गरम करायला मिलावा. बाकी काय नाय." ते मी शुद्ध करून लिहिलं.

आणि मग मी ती गोष्ट केली. काकांना त्यांचा कागद दिला, पण पाठवायला दुसरा तयार केला. कॉलेजच्या कार्यशाळेत शिकवलेला, एका पानाचा. गणपती, मामा, अपेक्षा सगळं काढलं, आणि सुकटीच्या जागी घातलं 'वैयक्तिक कारणामुळे'. मला खरंच वाटलं होतं की मी त्यांचं भलं करते आहे. सहा ठिकाणी पाठवला, एका ठिकाणाहून बोलावणं आलं. काका तिथून परत आले ते सरळ आमच्या दारात उभे राहिले, टकटक न करता. "बाय, मी वैयक्तिक काय केला गं?" तिथल्या साहेबांनी विचारलं होतं, वैयक्तिक म्हणजे काय, दारू पिता का, घरी भांडण आहे का, पोलिसांचं काही लफडं? काकांनी सुकटीचं सांगितलं, तर साहेब म्हणाले, मग लपवलंत कशाला? मी सगळं कबूल केलं. ते ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी माझा कागद हातात घेतला, दोन्ही बाजूंनी बघितला आणि म्हणाले, "कागद झ्याक हाय. पन ह्याच्यात मी कुठं हाय?"

कामोठ्याला नर्सिंगच्या मुलींच्या एका वसतिगृहात चहा-नाश्त्यासाठी माणूस हवा असल्याचं कळलं, तेव्हा मीच म्हटलं, मी बरोबर येते. या वेळी त्यांचाच कागद नेला. तिथल्या मॅडम चष्मा लावून वाचायला लागल्या. "हे काय, मुलगा बघायला बसलोय का आम्ही?" त्या म्हणाल्या. काका उठून उभे राहिले. "विचारा मॅडम, बिनधास्त विचारा." रंगापाशी त्या हसल्या. सुकटीपाशी त्यांनी वर बघितलं, तेव्हा काकांनी गॅस लीकची सगळी हकिगत सांगितली, चमचा वर केला होता तोसुद्धा करून दाखवला. मॅडमनी कागद उलटवून 'अपेक्षा' वाचली, परत वाचली. मग चष्मा काढून विचारलं, "सुकट कसली? जवळ्याची की बोंबलाची?"

"दोनी करतो, मॅडम."

"मागच्या ओट्यावर गॅस आहे. खिडकी उघडी ठेवत जा. सोमवारपासून या."

वसतिगृहानेच मागे एक खोली दिली, म्हणून काका-काकी कामोठ्याला राहायला गेले. जाताना काकांनी आम्हा तिघांना ट्रेमधून चहा दिला, आणि मला पाणी. खाली आता दोन नोकरीवाले राहतात. भले आहेत, पण बाहेरून जेवण मागवतात. आमच्या जिन्यात आता कसलाच वास येत नाही. आई म्हणते, बरं झालं, आणि दुपारी उगीचच दारात जाऊन उभी राहते.

गेल्या आठवड्यात कॉलेजात कंपन्या येणार म्हणून मी माझा बायोडेटा करायला घेतला. एका पानाचा, शिकवल्यासारखा. सगळं भरून झालं आणि शेवटी नकळत मी टाइप केलं, 'अपेक्षा'. पुढे काही सुचेना. मला काय हवं आहे हे कुणी कधी विचारलेलंच नाही. ती ओळ खोडायलाही धीर होईना, म्हणून तशीच ठेवून मी उठले. खाली जाऊन काकांना विचारू म्हणून अर्धा जिना उतरलेही. मग आठवलं.