जागा चुकलेली सोळा पानं

कूलरचा आवाज हळूहळू पाण्याचा होत चालला आहे. आधी नुसती घरघर होती, मग वाळ्यातून ठिबकणारं पाणी ऐकू येऊ लागलं, आणि आता कुठेतरी लांब वाहतं पाणी आहे असं विशाखाला वाटतं आहे. मे महिन्यातली दुपार. अमरावतीच्या घरात ती एकटीच आरामखुर्चीत पडली आहे. डोळे मिटताहेत हे तिला कळतं, ते उघडे ठेवणं आपल्या हातात नाही हेही कळतं.

तिच्या मांडीवर एक जुनं पुस्तक आहे आणि पुस्तकावर सुटी सोळा पानं. ती पानं तिनं आत्ताच, जेवण झाल्यावर, पुस्तकातून अलगद सोडवून काढली आहेत. उद्या बाइंडरकडे जायचं आणि ती योग्य जागी बसवून घ्यायची, असं तिनं ठरवलं आहे.

पुस्तक म्हणजे अमेरिकेतल्या गुलामांवरच्या एका जुन्या कादंबरीचं मराठी भाषांतर. ती कादंबरी तिकडे एका बाईनं लिहिली त्याला दीडशेहून जास्त वर्षं झाली. विशाखाच्या वडिलांनी, उकंडा इंगळ्यांनी, ती पहिल्यांदा ऐकली तेव्हा ते चौदा वर्षांचे होते. वस्तीतले एक मास्तर सुट्टीच्या दिवशी लिंबाखाली बसून ती मोठ्यानं वाचत. म्हाताऱ्या बाया पदरानं डोळे पुसत विचारायच्या, "मास्तर, हे गाव कोन्त्या तालुक्यात येते?" पुढे बाबा तालुक्याच्या वाचनालयात शिपाई म्हणून लागले, पुस्तकं बांधायला शिकले. शिकत असताना त्यांनी पहिलं बांधलं ते हेच पुस्तक, आणि त्यात एक फर्मा चुकला. फर्मा म्हणजे एका मोठ्या कागदावर छापून घडी घातलेली सोळा पानं. मधला एक फर्मा शेवटाकडे गेला. त्यामुळे त्या प्रतीत म्हातारा गुलाम मार खाऊन मरतो, आणि पान उलटलं की संध्याकाळच्या उन्हात एका लहान मुलीशेजारी बसून गाणं म्हणत असतो. दहा वर्षांच्या विशाखानं ते तसंच वाचलं. तो परत आला, इतकंच तिला कळलं.

तो परत येत नाही, हे तिला कॉलेजात कळलं. आणखी एक गोष्ट कळली. तिकडच्या काळ्या माणसांनी त्या म्हाताऱ्याच्या नावाची शिवी केली आहे. मालकापुढे वाकणाऱ्याला, लाचाराला ते त्या नावानं हिणवतात.

त्याच वर्षी वाचनालयाच्या तपासणीत हे पुस्तक सापडलं नाही. अध्यक्षांनी चार लोकांत बाबांना उभं केलं. "उकंड्या, पुस्तक कुठं आहे?" बाबा हात जोडून म्हणाले, "माझ्याकडून हरवलं, साहेब." त्यांनी माफीनामा लिहून दिला. सुट्टीवर आलेली विशाखा दारातून बघत होती. घरी जाताना सायकलच्या मागे बसून तिनं बाबांना ते नाव ऐकवलं. बाबांनी सायकल थांबवली, ते वाकले, आणि न पडलेली चेन बसवत राहिले. त्यानंतर तेहतीस वर्षं त्या दोघांत ते नाव निघालं नाही.

बाबांना जाऊन बावीस दिवस झाले. पुण्यानुमोदनाच्या दिवशी, माणसं जेवून पांगल्यावर, साठीच्या एक बाई आल्या. इंदुमतीबाई, त्या अध्यक्षांची धाकटी सून. त्यांनी पिशवीतून पुस्तक काढून विशाखाच्या हातात दिलं. लग्न होऊन आल्या तेव्हा घरात बायकांनी वाचलेलं खपत नव्हतं. बाबा अध्यक्षांचं वर्तमानपत्र पोचवायला जात, त्याच्या घडीत त्यांच्यासाठी पुस्तक असे; हेही तसंच आलं आणि माडीवर तांदळाच्या डब्यात लपलं. "एक शब्द बोलले असते ना तुमचे बाबा," बाई म्हणाल्या, "तर माझी पाठ सोलली असती, बाई. मी परत द्यायला गेले तर म्हणाले, वहिनी, आता थे हरवेल आहे. हरवेल पुस्तक परत आनत नाहीत." त्या हसल्या आणि हसतानाच तोंडाला पदर लावून बसल्या.

तेव्हापासून विशाखाला एकच गोष्ट हवी आहे. ते नाव परत घ्यायचं आहे. पण ते घ्यायचं कोणाकडून?

पाण्याचा आवाज जवळ येतो.

"झोपली काय वं माय?"

कूलरच्या पलीकडे बाबा उकिडवे बसले आहेत. अंगात वाचनालयाचा खाकी शर्ट आहे, वरचं बटण नेहमीसारखं तुटलेलं. पुढ्यात स्टोव्ह, स्टोव्हवर पातेलं, आणि ते लाकडी पट्टीनं पुस्तकं चिकटवायची खळ ढवळताहेत. खळीत मोरचूद पडलं आहे, म्हणून ती निळसर दिसते. कसर लागू नये म्हणून ते नेहमी मोरचूद घालत. बाबा नाहीत हे विशाखाला ठाऊक आहे. तरीही तिच्या मनात पहिल्यांदा येतं ते हेच, की स्टोव्ह आपण कधीच मोडीत दिला होता.

"नाही झोपले," ती म्हणते.

"सगळे झोपेल माणसं असंच म्हनतात." बाबा तिच्या मांडीकडे बघतात. "काऊन उसवलं थे?"

"चुकीच्या जागी होतं, बाबा."

"मले काय सांगतं? म्याच तं चुकवलं."

"मग नंतर नीट का नाही केलंत?"

बाबा पट्टी पातेल्याच्या काठावर आपटतात. "गुठळी झाली पाय," ते म्हणतात. "तू बोलाले लागली का माह्यं ध्यान जाते."

ती गुठळी बघायला वाकते. मान वर करते तेव्हा भिंती नाहीत, कपाटं आहेत. वाचनालयाची लोखंडी, काचेची कपाटं, छतापर्यंत. टेबलाभोवती चार माणसं बसली आहेत. त्यांचे चेहरे पुस्तकांच्या पुठ्ठ्यांसारखे सपाट आहेत. त्यांच्यापुढे बाबा हात जोडून उभे आहेत आणि त्यांच्या बोटांना अजून खळ लागलेली आहे.

"उकंड्या, पुस्तक कुठं आहे?"

विशाखा दारात आहे. एकोणीस वर्षांची. पण गुडघे बावन्न वर्षांचे आहेत, उंबऱ्यावर उभं राहवत नाही. पुस्तक कुठं आहे ते तिला आता माहीत आहे. अध्यक्षांच्याच माडीवर, तांदळाच्या डब्यात, पुरचुंडीत बांधलेलं. ते तिनं नुसतं सांगितलं, की माफीनामा नाही, सायकल नाही, ते नाव नाही. सगळंच मिटतं.

ती तोंड उघडते.

टेबलापलीकडच्या खिडकीत एक तरुण सून उभी आहे. हातात चहाचा ट्रे आहे, आणि ट्रेमधले कप वाजताहेत.

बाबा मागे वळून बघत नाहीत. जोडलेल्या हातांचं एक बोट फक्त हलतं. लहानपणी वाचनालयात ती बडबड करायची तेव्हा हलायचं तसं. बोलू नको.

विशाखा तोंड मिटते. बाबांनी आपलं तोंड असं किती वेळ मिटून धरलं असेल, ते ती मोजायला लागते आणि तिला ते मोजता येत नाही.

"माझ्याकडून हरवलं, साहेब," बाबा म्हणतात.

चौघांपैकी एक जण हसतो. "हा स्वतःच हरवला नाही हे नशीब!"

बाबाही थोडे हसतात. तेव्हाही हसले होते. तेव्हा तिला ते हसणंच सगळ्यात जास्त लागलं होतं.

रस्ता डांबराचा आहे, ऊन खाऊन मऊ पडलेला. सायकल पुढे चालली आहे. कॅरियरवर दोन वेण्या घातलेली, पुस्तकं छातीशी धरलेली एक मुलगी बसली आहे. विशाखा सायकलमागे धावते आहे. तिला त्या मुलीच्या पाठीवरूनच कळतं, ती आता बोलणार. विशाखा दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरते. मुलीचं तोंड पुढे आहे, तिथवर हात पोचत नाहीत.

मुलगी ते नाव उच्चारते. इंग्रजी उच्चार नीट करते. तो नीट केल्याचा तिला अभिमानही आहे.

सायकल थांबते. बाबा वाकतात. मुलगी आता कुठेच नाही. कॅरियर रिकामं आहे, आणि विशाखा बाबांशेजारी रस्त्यावर बसली आहे.

"चेन पडलीच नव्हती, बाबा."

"मालूम आहे मले."

"मग?"

"हाताले काही तरी काम लागते न त्या टायमाले." ते पॅडल उलटं फिरवतात. चेन गुळगुळीत फिरते. "लय ग्रीस झालं हिले."

"बाबा, मला ते परत घ्यायचं आहे."

"काय?"

"ते नाव. मी तुम्हाला म्हटलेलं."

"कोन्तं नाव?"

विशाखा त्यांच्याकडे बघते. त्यांच्या डोळ्यांत चेष्टा नाही. आठवत नाही की आठवू द्यायचं नाही, हेही तिथे दिसत नाही. कपाळावर घाम आहे, भुवईवर खळीचा वाळलेला ठिपका आहे. ते खरंच वाट बघताहेत. परत घ्यायचं तर ते आधी पुन्हा उच्चारायला हवं. तोंडावर, या अशा जवळून. तीस वर्षं तिनं वर्गात त्या कादंबरीवर तास घेतले. त्या म्हाताऱ्यानं शेवटी मालकाला काय नाकारलं, दोघी बायका कुठे लपल्या ते सांगितलं नाही म्हणून तो कसा मेला, हे पोरापोरींना समजावून सांगितलं. ते नाव हजार वेळा फळ्यावर लिहिलं. आता तिची जीभ टाळ्याला चिकटली आहे.

"नाही येत," ती म्हणते.

"राहू दे मंग." बाबा हात पँटीला पुसतात. "मले तं लय नावं पडले. उकिरड्यावर ठेवून उचललं माह्या मायनं, पोट्टं जगावं म्हनून, म्हनून उकंडा. त्याचं या साहेब लोकायनं उकंड्या केलं. त्याच्यात तुव्हं एक. कोन्तं कुठी गेलं, कोन ध्यानात ठेवते?"

"मी ठेवलंय."

"थे तुव्हं काम होतं काय वं?" ते रागावत नाहीत. नुसतं विचारतात, आणि उत्तराची वाट न बघता चालू लागतात.

रस्ता उताराचा होतो, आणि खाली नदी आहे. नदीत बर्फ आहे. गावातल्या बर्फाच्या कारखान्यातल्या लाद्या, भुसा लागलेल्या, एकापाठोपाठ एक वाहत चालल्या आहेत. लहानपणी तिनं विचारलं होतं, पुस्तकातली बाई बर्फावरून नदी कशी पार करते? बर्फ तर गोळ्यात असतो. बाबांनी तिला कारखान्यात नेऊन एका लादीवर अनवाणी उभं केलं होतं. दहा आकडे मोज म्हणाले होते. तिनं चार मोजले आणि रडायला लागली.

बाबा चपला काढतात. काठावर एकापाशी एक नीट ठेवतात. मग पहिल्या लादीवर पाय देतात.

"बाबा, थांबा. एक सांगा. तो फर्मा... खरंच चुकला होता का?"

"शिकत होतो तवा."

"पण नंतर? नंतर तुम्हाला कळलं असेल ना. मी वाचत होते तेव्हा तुम्ही समोर बसला होतात."

बाबा दुसऱ्या लादीवर जातात. लादी हलते, तेही हलतात, सावरतात. "तू हसली होती," ते तिकडून म्हणतात. "बाबा थो आला, म्हने."

ती पाण्यात उतरू बघते. पाऊल उचलतच नाही. चार, ती मोजते. चारच्या पुढचा आकडा तिला आठवत नाही.

"खळ ओली असली का ओढू नोको वं," बाबा सांगतात. आवाज आता पाण्यातूनच येतो आहे. "कागद फाटते."

खाकी शर्ट लहान होत जातो. विशाखा ओरडते. छातीतून, पूर्ण ताकदीनं ओरडते. बाबा म्हणून ओरडली की ते नाव ओरडली, हे तिचं तिलाच ऐकू येत नाही, इतकं पाणी आहे.

लांबवर ते वळतात आणि ओ देतात.

"ओ!"

हाक मारलेलं माणूस देतं तशी. कोणत्या नावाला दिली, ते तिला कळत नाही.

घर गप्प आहे. वीज गेली आहे, कूलरचं पातं स्वतःशीच फिरत थांबत आलं आहे. घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं. विशाखाचा पदर घामानं ओला आहे. खाली रस्त्यावर कुणीतरी आंबे विकतो आहे.

मांडीवर पुस्तक मिटलेलं आहे. वर ठेवलेली सुटी पानं नाहीत. ती खुर्चीखाली बघते, मग टीपॉयखाली. मग पुस्तक उघडते.

सोळा पानं आपल्या जुन्या जागी आहेत, जिथे नसायला हवीत तिथेच. म्हातारा मरतो, आणि पुढच्या पानावर संध्याकाळच्या उन्हात बसलेला असतो. ती अंगठ्याने घडीचा काठ चाचपते. काठ गार आहे. अंगठ्यावर निळसर काहीतरी चिकटतं. या घरात खळ कधी शिजलेली नाही.

तिचं बोट आपोआप त्या पानांच्या कडेखाली जातं. सोडवायला.

खळ अजून ओली आहे.

विशाखा बोट काढून घेते. पुस्तक मिटते, मांडीवर सपाट ठेवते आणि त्यावर तळहात दाबून, वाळेपर्यंत, बसून राहते.