लाल ठिपक्याखालचा पेच

मी आजवर काय काय सांगितलं नाही! जिवंत वायर दातात धरून अख्ख्या लग्नाचे लाईट चालू ठेवले. खांबावर चढलो होतो तर खाली वाघ येऊन बसला, त्याला वरूनच दोन गोष्टी ऐकवल्या, तो जांभई देऊन निघून गेला. महागावच्या बाजारात हे सगळं शंभरदा सांगून झालंय. ही एक गोष्ट मात्र कोणाजवळ बोललो नाही. बायकोजवळही नाही — आणि ती तर आता ऐकायलाही नाही. तुम्ही बसलाच आहात, म्हणून.

वायरिंगचं दुकान आमचं दोघांचं होतं. मी आणि गुलाब. गुलाब तांड्यावरचा, अगदी मोजकं बोलणारा. माझी गोष्ट रंगात आली की तो गिऱ्हाइकाला हळूच म्हणे, "दहानं भागा." बस, एवढंच. माझं खरं कुठं संपतं आणि खोटं कुठं सुरू होतं, हे ठाऊक असलेला जगात तो एकच माणूस.

त्याच्या पिशवीत सात पेचकस होते. मी लोकांना सत्तर सांगायचो. तार धरून ठेवणारा टर्मिनलचा पेच कसायचा म्हटला की गुलाब आधी खाचेत एक पातं ठेवून पाही. जरा हललं की काढी, दुसरं ठेवी. पातं रुंद असलं तर बाजूचं प्लास्टिक खरवडतं. बारीक असलं तर खाच कुरतडतं, आणि हाताला वाटतं पेच बसला — बसलेला नसतो. मग तार सैल राहते, आणि सैल तार तापते. मी त्याला चिडवायचो, "काहून रे, पेचाले पोरगी पाहून राह्यला काय?" मी स्वतः? मी सगळीकडे टेस्टरच घुसवायचो. खिशात असतो ना! आमच्या धंद्यात निम्मी दुनिया हेच करते.

पेच कसून, तार ओढून पाहिली की गुलाब त्यावर लाल नखपॉलिशचा एक ठिपका लावी. बाटली त्याच्या बायकोची. ठिपका म्हणजे काम पक्कं, हे गावोगाव माहीत झालेलं. मला हे खुपत होतं का? — खुपत होतं. खोटं कशाला बोलू.

एकदा गुलाब बहिणीकडं राळेगावला गेला होता, आणि शेवंताबाईच्या पिठाच्या चक्कीचा स्टार्टर बदलायचं काम आलं. गुलाबची पिशवी दुकानातच होती, तीच घेऊन गेलो. दळणाचे डबे घेऊन बाया बसलेल्या. मग काय! मी वाघ सुरू केला. हातात टेस्टर, तोंडात वाघ. टेस्टर खाचेतून सटकला. पुन्हा सटकला. खाच पार कुरतडली गेली. तार ओढून पाहिली — किंचित हलली. कळलं मला. त्याच क्षणी कळलं.

शेवंताबाई म्हणाली, "भाऊ, गुलाबभाऊचा ठिपका लावजा बरं. त्याच्याबिगर मले भरवसा नाही येत."

एवढा वेळ हसली माझ्या गोष्टीला, आणि भरवसा त्याच्या ठिपक्यावर? मी पिशवीत हात घातला, बाटली काढली आणि ठिपका लावला. त्या खाचेत नेमका बसणारा पेचकस तिथेच होता, बाटलीला लागून. तो काढायला कितीसा वेळ लागला असता?

आठ दिवसांनी स्टार्टर पेटला. बटण दाबायला गेलेल्या शेवंताबाईचा उजवा तळवा भाजला. गाव जमलं. गुलाबनं झाकण उघडलं. पेच काळा पडलेला, पण ठिपक्याची लाल कड दिसत होती — सगळ्यांना दिसत होती. त्यानं पेच सोडवून हातावर घेतला, खाच पाहिली. मग लोकांकडे नाही, माझ्याकडे पाहिलं.

"ठिपका माहा आहे," तो म्हणाला, "पण हात माहा नाही."

एक वाक्य बोलायचं होतं मला. एकच. आणि मी काय बोललो? — "ठिपक्याच्या नादात गड्याचा पेच कसायचाच राह्यला!"

गाव हसलं. हाताला फडकं गुंडाळलेली शेवंताबाईसुद्धा हसली. काम माझ्या हातचं हे तिनं डोळ्यानं पाहिलं होतं, पण ठिपका गुलाबचा, म्हणून चूकही त्याचीच ठरली. एसटीच्या आधी तो विनोद राळेगावला पोचला — हे भागू नका, खरंच पोचला. गुलाबचं नाव 'ठिपकेवाला' पडलं. दोन महिन्यांत त्याला कामाला बोलावणारं कोणी उरलं नाही. एके सकाळी पिशवी उचलून तो तांड्यावर सोयाबीन करायला निघून गेला. माझ्याविरुद्ध एक शब्द बोलला नाही. कुठेच नाही.

बारा वर्षं झाली. दुकानात मी एकटा असतो. लोक येतात, ऐकतात, हसतात, जातात. दहानं भागणारं कोणी नाही. सगळं जसंच्या तसं खरं धरतात — याच्याहून एकटं काय असतं, सांगा?

मागच्या पोळ्याच्या बाजारात, चहाच्या टपरीवर, एकानं फर्माईश केली, "भाऊ, ते ठिपकेवाल्याची होऊन जाऊ द्या!" मी सुरू केली. निम्म्यात आलो तेव्हा दिसलं — मागच्या बाकड्यावर, आमच्याकडे पाठ करून, गुलाब बसला होता. बशी ओठांपाशी नेलेली, तशीच धरलेली.

मी थांबलो नाही. आवाज थोडा चढवला, आणि शेवटपर्यंत सांगितली.