नाल्याच्या पाण्याचा चहा

१९४४ च्या हिवाळ्यात आमची प्लटून ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर एका टेकडीवर होती. मी शिपाई, गाव रहिमतपूरजवळ. घरचं गुऱ्हाळ. चहा म्हणजे ओठाला चिकटेल इतका गोड, एवढंच मला ठाऊक.

माझ्या मोर्चात, म्हणजे खंदकात, वायरलेस सांभाळणारा सिग्नलर होता पायगोंडा पाटील, सांगलीकडच्या जैन शेतकऱ्याचा मुलगा. लढाई संपेपर्यंत गोड खाणार नाही, असा नियम घेऊन तो घरातून निघाला होता. चहा आम्ही मोर्चातच करायचो. तो साखर पडायच्या आधी आपला मग भरून घ्यायचा आणि सावकाश प्यायचा.

“गड्या, कडू लागत न्हाई?” मी एकदा विचारलं.

“लागतंय की. पर कडूच्या मागं अजून लय काय काय हाय.” एक घोट घेऊन तो म्हणाला, “आज पाणी झऱ्याचं हाय.”

मला पटेना. दुसऱ्या दिवशी त्याला पाठ करून बसवलं. एक मग झऱ्याच्या पाण्याचा, एक नाल्याच्या. त्याने बरोबर ओळखलं. तीनदा केलं, तीनदा ओळखलं. मग मला राहवेना. मीही साखर सोडली.

पहिल्या दिवशी घोट थुंकला. चौथ्या दिवशी औषधासारखा गिळला. दहाएक दिवसांनी मात्र गंमत झाली. आधी ओल्या बांबूचा धूर लागला, मग जिभेवर पानाचा तुरटपणा, आणि गिळल्यावर घशाशी किंचित गोडी. ती कुठून आली, हे शोधायला मी सगळा मग संपवला.

पायगोंडा हसला. “आता तुला चहा भेटला.”

पुढे झरा आटला. सगळं पाणी नाल्यावरून येऊ लागलं. एका सकाळी सहाला स्टँड-डाउन झालं, पहाटेचा सज्ज पहारा उठला. दाट धुकं होतं. पाणी अंधारात भरून आणलेलं. सेक्शनने साखर घालून चहा घेतला, कुणाला फरक कळला नाही. मी घोट घेतला आणि थांबलो.

“पायगोंडा, मला माती लागतीया. तुला?”

“व्हय. आन् पाऊस तर पडला न्हाई.”

आम्ही प्लटूनच्या जमादारसाहेबांकडे गेलो.

“साहेब, पाण्यात माती हाय. वर कुणीतरी नाला ओलांडलाय,” मी म्हणालो.

“रानडुक्कर असंल.”

“असंल, साहेब. पर बघून याय पायजे,” पायगोंडा म्हणाला.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. साडेसहा. “नायक शंकर, सहा जण घेऊन जा. पायगोंडा, सेट घे.”

मी ब्रेनगनवर राहिलो. साहेब दुसऱ्या सेटपाशी बसले. सात वाजून पाच मिनिटांनी पायगोंडाचा आवाज आला.

“दुश्मन नाल्याच्या अलीकडं. तीसेक माणसं. तुमच्या डाव्या अंगाला निघालीत. ओव्हर.”

आम्ही ब्रेनगन डावीकडे फिरवली.

“त्यांनी आमाला बघितलंय. ओव्हर.”

“मागं या. ओव्हर,” साहेब म्हणाले.

उत्तर आलं नाही.

सात वीसला हल्ला डावीकडूनच आला. आम्ही तयार होतो. नऊपर्यंत सगळं शांत झालं. सातातले पाच परत आले. मलकापूरचा नायक शंकर आणि पायगोंडा साडेदहाला नाल्याकाठी सापडले. पायगोंडाच्या कानावर इअरफोन तसाच होता. संध्याकाळी दोघांना अग्नी दिला.

मी मातीचं बोललो नसतो तर, हा विचार मी पुष्कळदा केला आहे. टेकडीवरचे आम्ही वाचलो, हेही खरं. चहा मी अजून तसाच पितो.

१९४६ ला फौजेतून सुटून आलो तेव्हा पायगोंडाच्या गावी गेलो. अंगणात हळद वाळत होती. त्याच्या आईने लढाईचं काही विचारलं नाही. एकच विचारलं.

“दिवस मावळायच्या आत जेवाय मिळायचं का रं त्येला?”

दिवस मावळताना आमचं स्टँड-टू असायचं, अंधार पडेपर्यंत हत्यार घेऊन मोर्चात सज्ज बसायचं. अंधारात तो जेवायचा नाही; कितीतरी दिवस त्याच्या रोट्या सकाळपर्यंत फडक्यात तशाच राहायच्या.

“मिळायचं, आई,” मी म्हणालो.

“बरं झालं,” ती म्हणाली, आणि वाकून हळद परतू लागली.