उभं राहता येईल असा तंबू

आमच्या फुईला जगातल्या बहुतेक गोष्टींची किळस यायची. फुई म्हणजे माझी आत्या. शहाद्याकडे आत्याला फुईच म्हणतात. एसटीच्या सीटवर ती आधी रुमाल अंथरायची आणि मग बसायची. हॉटेलातला पेला उजेडात धरून बघायची. कडेला कुणाच्या ओठांचा डाग दिसला की ‘शी!’ म्हणून तो असा खाली ठेवायची, की शेजारच्या टेबलावरचा माणूसही आपला पेला बाजूला सारायचा. पंगतीत वाढणाऱ्याचा अंगठा वरणात बुडालेला आधी तिला दिसायचा, आणि तिने दाखवला की आम्हा सगळ्यांना. मग आमचं जेवण संपलंच. आम्ही मुलं तिच्या पाठीमागे तिला शी-फुई म्हणायचो. तिच्या नाकाला कोणी नावं ठेवली तर ती फणकाऱ्याने विचारायची, “देवनी नाक काय नथ घालाले दिन्हं का?”

फुवा, म्हणजे तिचे यजमान, एसटीत ड्रायव्हर होते. शहाद्याहून तोरणमाळला जाणारी गाडी त्यांनी कित्येक वर्षं चालवली होती. घाटातली वळणं त्यांना पाठ, पण वर पोचलं की गाडी लगेच वळवून खाली यायचं, त्यामुळे तोरणमाळ काही बघून व्हायचं नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी त्याचं उट्टं काढलं. दर हिवाळ्यात सगळ्या घराला जीपमध्ये कोंबून ते तोरणमाळला न्यायचे, आणि तलावाकाठी भाड्याचा तंबू ठोकून आम्ही दोन-तीन दिवस राहायचो. सामान निवडायचं काम फुईचं. गेल्या खेपेची चटई, पाण्याचा जार, गॅसची शेगडी, सगळं अंगणात मांडून ती एकेकाचा वास घ्यायची. जारमध्ये हात घालून बोटाला लागलेला बुळबुळीतपणा आमच्या नाकासमोर धरायची. फुवा खुर्चीत बसून हसायचे.

मग फुवांना लकवा झाला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, आणि ज्याबद्दल घरात कोणी उघड बोलत नसे तो ताबाही गेला. धिप्पाड माणूस, लंगोट बांधलेल्या लेकरासारखा खाटेवर पडून राहिला. भेटायला येणारे दारातच थांबायचे, पदर नाकाला लावायचे, आणि चहा न घेताच निघायचे. हिवाळा आला तसे फुवा डावा हात उचलून खिडकीकडे दाखवू लागले. खिडकीतून सातपुडा दिसायचा. ते काय मागताहेत हे आम्हाला सगळ्यांना कळत होतं आणि आम्ही सगळेच न कळल्यासारखं करत होतो. फुईने मात्र एका सकाळी जाहीर केलं, “त्यास्ले तोरणमाळ लई जावानं शे.”

माझा भाऊ नंदुरबारहून भाड्याचा तंबू घेऊन आला. अंगणात तो उलगडला आणि आम्ही सगळेच मागे सरलो. आतून कोंदट, आंबूस भपकारा आला. कापडावर काळी बुरशी चढली होती. कोपऱ्यात कुणाच्या तरी लांब केसांचा गुंता, चावून टाकलेली सुपारी, वाळून कडक झालेला भात. सोबतच्या झोपायच्या पिशवीची चेन फुईने दोन बोटांनी ओढली. आत तेलकट घामाचा वास, आणि तळाशी पिवळा, वाळलेला थर.

“शी! यामा कोनी उलटी करेल शे,” ती म्हणाली. “हाई मन्हा माणूसना अंगवर घालानं?”

भाऊ म्हणाला, धुऊन घेऊ. फुईने तंबू काठीने ढकलत ढकलत फाटकाबाहेर रस्त्यावर नेला आणि परत येऊन कोपरापर्यंत हात धुतले.

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन बसस्टँडजवळच्या दुकानात गेली. दुकानदार शेठ मारवाडी, जिभेवर साखर. त्याने नायलॉनचा एक गुटगुटीत, ठेंगणा तंबू फरशीवर उभा करून दाखवला. “एकदम हलका, मावशी. पाच मिनिटात तयार.”

फुई त्याच्याभोवती एक फेरी मारून म्हणाली, “शेठ, तुम्ही यामा जा. आनि आत बठीसन पायजमा बदली दखाडा.”

शेठ हसला. फुई हसली नाही. शेवटी तो बिचारा गुडघ्यांवर आत शिरला. तंबू इकडून तिकडे हलला, छताला डोकं लागलं, आणि तो लालबुंद होऊन उलटा रांगत बाहेर आला.

“मन्हा माणूस रांगस नही,” फुई म्हणाली.

तिने घेतला तो सगळ्यात उंच तंबू, आत दोन माणसांना नीट उभं राहता येईल आणि दारातून फुवांना बसवलेली खुर्ची सरळ जाईल असा. हवेची गादी तिने नाकाला लावली आणि रबराच्या वासाने तोंड वाकडं करून परत केली. त्याऐवजी गुडघ्याइतक्या उंचीची घडीची खाट, म्हणजे फुवांना उठवताना कुणाची कंबर मोडणार नाही. धुता येणारं जाड कापड. बैठकीला भोक असलेली खुर्ची, आणि तिच्याभोवती लावायला पडदा. गरम पाण्यासाठी मोठं पातेलं. जीपच्या टपावर हे सगळं चढवताना भाऊ वैतागला. “फुई, आपन फिराले जाई ऱ्हायनूत का दवाखाना लई जाई ऱ्हायनूत?”

“दवाखाना बी लई जासूत,” फुई म्हणाली आणि दोरी आवळली.

तोरणमाळला तलावाकाठी आधीच गर्दी होती; शेजारच्या तंबूत तान्हं मूल रडत होतं. गवतात चिकट पत्रावळ्या, माशा घोंगावणारी हाडकं, फुगलेले वापरलेले डायपर. फुईने पदर तोंडावर घेतला, काठीने सगळं दूर लोटून जागा साफ केली, मग तंबू लावायला दिला. फुवांना तलावाकडे तोंड करून बसवलं. ते पाण्याकडे बघत राहिले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तोंड हसत होतं.

दुपारी सगळे जेवायला बसलो. कढी होती, फुवांची आवडती. मध्येच वास सुटला. फुवांचं पातळ झालं होतं. लंगोट पुरला नव्हता, पायावरून ओघळ खाली आला होता. वहिनीला उमासा आला आणि ती मुलांना ओढत तलावाकडे पळाली. मलाही ताट सरकवावं लागलं. शेजारच्या तंबूतला गॉगल लावलेला एक माणूस हातात प्लेट घेऊन उठून आला.

“आजी, अशा माणसाला घरीच ठेवायचं ना. इथं माणसं जेवताहेत.”

फुवांनी मान खाली घातली. फुईने त्या माणसाकडे बघितलंही नाही. मला म्हणाली, “तू तो बाजूना हात धर.” खुर्ची सरळ तंबूत गेली. खाटेवर आडवं करून तिने फुवांना पुसलं, कोमट पाण्याने धुतलं, पुन्हा पुसलं. मी श्वास रोखून, मान फिरवून उभी होते. मध्येच तिच्याकडे बघितलं. पेल्यावरच्या डागाने वाकडं होणारं ते तोंड जराही वाकडं नव्हतं. ती फुवांना दटावत होती, “रातले कढी बंद. समजनं का?” फुवा ओठाच्या एका कोपऱ्याने हसले. अंगात धुतलेला सदरा चढवला, केस विंचरले, आणि खुर्ची पुन्हा तलावासमोर.

मग ती हात धुऊन निघाली. गवतातला एक डायपर दोन बोटांनी उचलून तिने त्या माणसाच्या जेवणाशेजारी नेऊन ठेवला.

“हाई तुमनं शे ना? मी मन्हा माणूसनं उचली लिन्हं. आते तुम्ही तुमनं उचला.” आणि अगदी मनापासून म्हणाली, “शी!”

त्या माणसाच्या बायकोने उठून सगळं पिशवीत भरलं. वहिनी संध्याकाळी परतली आणि तिने पातेल्यात पाणी तापत ठेवलं.

त्या उन्हाळ्यात फुवा गेले. गल्लीतल्या बायका बसायला आल्या. त्यातली एक, जी वर्षभर दारातूनच परत फिरायची, फुईच्या पाठीवर हात फिरवत म्हणाली, “सुटनात बिचारा. तू बी सुटनी, बाई.” बाकीच्यांनी माना डोलावल्या.

फुईने तो हात पाठीवरून असा काढला, जणू अंगावर पाल पडली होती. उठून आत गेली. मी मागोमाग गेले. भिंतीला टेकून ती उभी होती.

“सुटनी म्हनतस माले! माले कोनी बांधेल व्हतं का? माले तं तठेच ऱ्हावानं व्हतं, त्यास्ना जोडे, त्यास्ना खाटजवळ.”

आणि फुवा गेल्यापासून ती पहिल्यांदा रडली, मोठ्याने, ओक्साबोक्शी. बायका आत यायला निघाल्या. मी दार लोटून घेतलं आणि त्यांना घरी जायला सांगितलं.