बटणांच्या डब्यातल्या गोळ्या

तिला सगळे शी-मावशी म्हणत, आणि तिच्या तोंडावर म्हणत. गणवेश शिवणाऱ्या शेडमध्ये कॉलरला टीप मारायचं काम तिच्याकडे होतं. मशीनच्या खडखडाटाखालोखाल तिथे ऐकू येणारा आवाज म्हणजे तिचं 'शी'. शेजारणीने दाताने दोरा तोडला, शी. कुणी तिच्या बाटलीला तोंड लावलं, शी. ती बाटली मग पुन्हा घरी जात नसे. घरात ओट्याचं फडकं निराळं, ताटांचं निराळं, आणि अदलाबदल झाली की सुनेची धडगत नसे.

अशा बाईला शेडच्या संडासाबद्दल काय वाटत असेल ते वेगळं सांगायला नको, पण सांगायलाच हवं, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. इस्त्रीच्या टेबलांमागे एकच संडास, बायकांना आणि कापड कापणाऱ्या पुरुषांना मिळून. कडी तुटलेली, म्हणून एका पायाने दार दाबून बसायचं. पाण्याच्या मगाच्या काठाला हिरवट बुळबुळीत कडं. शेडमधली सुताची धूळ उडून ओल्या भिंतींवर बसे आणि भिंतींना करडी लव फुटल्यासारखी दिसे. चुकून हात टेकला की ती हाताला चिकटून येई. सुपरवायझरला सांगितलं की तो म्हणे, "बघू." त्याच्या केबिनच्या काचा मात्र रोज पुसल्या जात. असल्या माणसाला एकदा त्या भिंतीला टेकवून उभं करायला हवं होतं.

मावशीने आपला उपाय काढला होता. घरून निघाल्यापासून परत जाईपर्यंत पाण्याचा घोट घ्यायचा नाही, आणि लघवी लागलीच तर दाबून धरायची. बाकीच्या बायकाही तेच शिकल्या. मग व्हायचं तेच होई. लघवीला आग, ओटीपोटात कळ, गेलं तर दोन थेंब. कोपऱ्यावरचा औषधवाला चिठ्ठी-बिठ्ठी न मागता गोळ्यांचं पाकीट पुढे सरकवे. दोन-तीन गोळ्यांत आग थांबे, आणि थांबल्यावर उरलेल्या कोण गिळत बसणार? कापडाचा बोटभर तुकडा वाया न घालवणाऱ्या बायका त्या. उरलेल्या गोळ्या मावशीच्या बटणांच्या जुन्या डब्यात जात.

मावशी कात्रीने पाकीट कापून एकेक गोळी सुटी करून ठेवी, आणि कुणी ओटीपोटावर हात धरून आली की झाकण उघडी. नावं कोण वाचतंय? सगळं रंगावर चाले. नुसती आग असेल तर पिवळी, अंगात कणकण असेल तर लाल-काळी. "मावशी, ती लाल-काळी आहे का हो? मागच्या वेळी गुण आला होता," असं म्हणत बायका येत, आणि पुढे आपल्या उरलेल्या गोळ्यांची डब्यात भर घालत. हल्ली एका रंगाने भागत नव्हतं, दोन्ही द्यावे लागत. मावशी म्हणे, "भेसळ करतात मेले. शी."

तिची सून त्याच शेडमध्ये काज-बटणाच्या मशीनवर होती. लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर, सगळ्यांनी आशा सोडल्यावर तिला दिवस गेले होते. मावशीने दुपटी शिवली, उकळली, आणि धूळ बसू नये म्हणून दुहेरी कापडात बांधून ठेवली. तर एक दिवस सून मशीनवरच वाकली.

"आई, फार आग होतेय हो."

मावशीने डबा उघडला. आधी पिवळी दिली, मग पिवळीबरोबर लाल-काळी. आग जरा उतरली तशी तिने हात आखडता घेतला. पोटुशीला औषधांचा मारा नको, हा विचार. माया होती हो ती, दुसरं काही नव्हतं. आणि पुढच्याच आठवड्यात सून हुडहुडी भरून शेडच्या फरशीवर आडवी झाली. पाठीत, बरगड्यांखाली अशी कळ, की हात लावू देईना.

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी लघवी तपासायला पाठवली. तिच्यातले जंतू वाढवून त्यांच्यावर एकेक औषध टाकून पाहिलं गेलं. बहुतेक सगळ्या औषधांना जंतू पुरून उरले होते.

"ह्यांनी आधी काय घेतलं होतं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

मावशीने पिशवीतून डबा काढून दिला. थोड्या अभिमानानेच दिला, कारण डबा आतून-बाहेरून लख्ख होता.

"कुणाच्या आहेत ह्या?"

"सगळ्यांच्या. उरलेल्या."

डॉक्टरीणबाईंनी आत पाहिलं आणि त्यांचं तोंड वाकडं झालं. नाक आक्रसलेलं, ओठ मुडपलेले. मावशीने ते तोंड ओळखलं. जन्मभर तिने दुसऱ्यांकडे बघून तेच केलं होतं.

"दोन गोळ्यांत कच्चे जंतू मरतात, पक्के उरतात," त्या म्हणाल्या. "मग त्या पक्क्यांचीच पिल्लावळ वाढते. तुम्ही सगळ्या मिळून त्यांना तालीम दिलीत, मावशी. आता जंतू किडनीत गेलेत. इंजेक्शन लागू पडलं तर बाळ राहील. आज काही सांगता येत नाही."

डबा त्यांनी ठेवून घेतला. सलाइन सुरू झालं. सुनेला उठवत नव्हतं, म्हणून मावशी भांडं धरून बसे. जिने आयुष्यात दुसऱ्याचा रुमाल उचलला नाही, तिने ते गढूळ, उग्र वासाचं भांडं दोन्ही हातांनी धरलं, ओतलं, घासलं. त्याची तिला किळस वाटेना. किळस वाटत होती ती आपल्या हातांची, त्या कात्रीची, 'मावशी, गुण आला' ऐकून फुलणाऱ्या आपल्या मनाची. घाण आपण बाहेर शोधत फिरलो आणि पोराच्या उशाशी नेऊन ठेवली, असं तिला वाटत होतं.

इंजेक्शन लागू पडलं. ताप उतरला. बाळाचे ठोके नीट लागले, तेव्हा मावशी भिंतीला टेकून रडली, भिंत कशी आहे ते न पाहता. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी एक पाकीट दिलं आणि बजावलं, की तोंडावाटे द्यायचं हे एकच औषध उरलंय ज्याला हा जंतू अजून भितो. शेवटच्या गोळीपर्यंत घ्यायचं.

सून घरात हिंडू-फिरू लागली. गालांवर रंग आला. एक दिवस ती स्वयंपाकघरात मावशीजवळ आली. एका हातात पाकीट, त्यात थोड्या गोळ्या शिल्लक, आणि दुसऱ्या हातात पत्र्याचा नवा डबा, घासूनपुसून कोरडा केलेला.

"आई, आता काहीच होत नाहीये मला. म्हटलं ह्या ठेवून देऊ, शेडमधल्या कुणाला तरी उपयोगी पडतील. तुमचा डबा त्यांनी ठेवून घेतला ना, म्हणून हा शोधला."

किती मायेने बोलली ती. मावशी त्या चकचकीत डब्याकडे बघत राहिली. मग तो सुनेच्या हातातून काढून तिने बाजूला ठेवला. तिने पेला भरला, गोळी सोडवून सुनेच्या तळहातावर ठेवली.

"गिळ. माझ्यासमोर गिळ."

सुनेने निमूट गिळली. मावशीने तिला तोंड उघडून दाखवायला लावलं.